एका फसलेल्या उपहासकथेचा धडा

विद्यार्थिमित्रहो, उत्तम कृतींचा अभ्यास आपण वर्षभर करीतच असतो. क्रमिक पुस्तकांत जे वेचे येतात ते निवडून घेतलेले असतात. त्यामुळे ते वाचताना मान डोलविण्याची सवय आपणांस लागते, परंतु एखादी गोष्ट का साधली नाही याचा विचार करण्याची सवय लागत नाही. सुताराच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलास चांगल्या खुर्चीइतकीच डुगडुगणारी खुर्चीही शिकविते. ती उलटी करून पाहिली म्हणजे सांधा कोठे सैल राहिला हे चटकन दिसते. या लेखात आम्ही अशीच एक डुगडुगणारी कृती उलटी करून पाहणार आहोत. ती एका नामांकित विज्ञानमालिकेतील आहे, ती उपहासात्मक आहे, आणि तिने आमची निराशा केली. ती का केली, हे मात्र आम्हास आमच्याच वर्गातील एका मुलीने दाखवून दिले. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम उपहास म्हणजे काय ते ठरवू. थट्टा आणि उपहास ही भावंडे खरी; पण त्यांचा स्वभाव निराळा. थट्टेला हसविले म्हणजे पुरते. उपहासाला तेवढ्याने समाधान नसते. हसता हसता समाजातील एखादा दोष दाखवावा, आणि पाहणाऱ्याने घरी जाताना तो बरोबर न्यावा, अशी त्याची इच्छा असते. म्हणून थट्टा फसली तर कोणी हसत नाही, एवढीच हानी होते. उपहास फसला तर मात्र लोक हसतात आणि दोष जेथल्या तेथे राहतो.

आता मालिकेविषयी. तिचे नाव 'स्टार ट्रेक'. अमेरिकेतील एन. बी. सी. या वाहिनीवर ती १९६६ ते १९६९ या काळात दाखविली गेली आणि तिचे ७९ भाग प्रसारित झाले. जीन रॉडेनबेरी हे तिचे जनक. 'एंटरप्राइझ' नावाचे अवकाशयान दूरदूरच्या ताऱ्यांचा शोध घेत चालले आहे, अशी तिची कल्पना. कर्क हा यानाचा धाडसी कप्तान. स्पॉकचे वडील व्हल्कन या परग्रहावरील आणि आई पृथ्वीवरील. तो भावनेपेक्षा तर्कास मान देणारा. मॅकॉय हा तापट पण कनवाळू डॉक्टर, आणि उहुरा ही संदेशवहन सांभाळणारी अधिकारी. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शननेही ही मालिका दाखविली. त्यामुळे तुमच्यापैकी काहींच्या आईवडिलांस, निदान आजीआजोबांस तरी, टोकदार कानांचा स्पॉक नक्कीच आठवत असेल.

ही मालिका नुसत्या मारामारीची नव्हती. परग्रहाचा पडदा मध्ये धरून स्वतःच्या देशातील अन्याय दाखविण्याची तिची रीत होती. १० जानेवारी १९६९ रोजी दाखविलेल्या एका भागात दोन शत्रू आहेत. दोघांचेही चेहरे अर्धे काळे व अर्धे पांढरे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. आणि एवढ्याच कारणाने त्यांच्या जगाचा विध्वंस झालेला. वर्णभेदाचा मूर्खपणा याहून सोप्या रीतीने लहान मुलासही कळविता येणार नाही. अशा मालिकेकडून अपेक्षा मोठी असते, आणि म्हणूनच निराशाही मोठी होते.

आम्ही ज्या भागाविषयी लिहीत आहोत तो १५ मार्च १९६८ रोजी प्रथम दाखविण्यात आला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ 'भाकरी आणि खेळ' असा होईल. हे शब्द मूळचे जुव्हेनल या रोमन कवीचे. इसवी सनाच्या पहिल्या आणि दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या या कवीने आपल्या दहाव्या उपहासकाव्यात स्वतःच्याच शहरातील लोकांस टोला दिला. एके काळी राज्यकारभाराची सूत्रे ज्यांच्या मतावर हालत, ते लोक आता फुकट धान्य आणि रिंगणातील खेळ या दोनच गोष्टींची वाट पाहत बसतात, असा त्या टोल्याचा आशय आहे. ध्यानात घ्या, जुव्हेनलाने दूरच्या कोणा रानटी लोकांची टर उडविली नाही. ज्या गल्ल्यांतून तो रोज चालत होता, त्या गल्ल्यांतील माणसांस त्याने आरसा दाखविला.

आता कथा पाहू. सहा वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या 'बीगल' नावाच्या यानाचे अवशेष एंटरप्राइझला सापडतात. जवळच्या ग्रहावरून दूरचित्रवाणीच्या लहरी येत असतात. पाहतात तो काय, त्या ग्रहावर रोमन साम्राज्य कधी बुडालेलेच नाही! तेथे विसावे शतक उजाडले आहे, रस्त्यांवर मोटारी आहेत, पोलिसांच्या हाती बंदुका आहेत. तरी गुलामगिरी तशीच चालू आहे, आणि तलवारींच्या झुंजी चित्रगृहातून घरोघर प्रक्षेपित होत आहेत. कर्क, स्पॉक आणि मॅकॉय खाली उतरतात. पळून आलेल्या गुलामांची एक टोळी त्यांस भेटते. हे लोक आपण सूर्याचे उपासक आहोत असे सांगतात आणि सर्व माणसे भाऊ आहेत असे मानतात. पुढे आपले तिघे पकडले जातात. बीगलचा कप्तान मेरिक हा आता त्या राज्याचा मानकरी होऊन बसला आहे. स्वतःच्या खलाशांस रिंगणात पाठवून त्याने आपला जीव वाचविला आहे. क्लॉडियस नावाचा अधिपती कर्कलाही तेच करावयास सांगतो. कर्क नकार देतो. स्पॉक व मॅकॉय यांस रिंगणात लढावे लागते, आणि कर्कच्या वधाचे प्रक्षेपण ठरते. शेवटी फ्लेव्हियस हा जुना झुंजार मदतीस धावून प्राण देतो, यानावरून स्कॉट शहराची वीज काही काळ बंद पाडतो, मेरिक मरता मरता थोडे धैर्य दाखवितो, आणि तिघे सुखरूप यानावर परततात.

या भागात चांगले काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्यातील झुंजीचे दृश्य खरोखर मार्मिक आहे. रिंगण म्हणजे रंगविलेल्या पडद्यापुढची एक लहानशी जागा; प्रेक्षक कोणीच नाहीत. टाळ्या, आरोळ्या आणि धिक्कार ही सर्व यंत्रातून निघतात, आणि एक माणूस ती कळ फिरवून कमीअधिक करतो. झुंजाराने मन लावून तलवार चालविली नाही, तर 'तुझ्यामुळे कार्यक्रमाचे प्रेक्षक कमी झाले तर याद राख' अशा अर्थाची धमकी त्यास मिळते. एका मासिकात जाहिराती दिसतात त्याही अशाच गमतीच्या: मोटारीस गुरूचे नाव, दातांच्या औषधास मंगळाचे, आणि स्नानाच्या क्षारास समुद्रदेव नेपच्यूनचे! येथे लेखकांनी आपल्याच मालकांस, म्हणजे वाहिनीस, चिमटा काढला आहे. त्याला धैर्य लागते. कारण प्रेक्षकसंख्येअभावी स्टार ट्रेक बंद पडण्याचीच वेळ त्या वर्षी आली होती. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि मालिका पुढे चालू राहील असे वाहिनीने १ मार्च १९६८ रोजी पडद्यावरून जाहीर केले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी हा भाग लोकांपुढे आला.

तुरुंगातील एक प्रसंगही स्मरणात राहण्याजोगा आहे. मॅकॉय स्पॉकचे आभार मानू पाहतो आणि स्पॉक ते कोरडेपणाने झटकतो. तेव्हा मॅकॉय त्यास सांगतो की, तुला मरणाचे भय नाही याचे कारण तुला जगण्याचे भय अधिक आहे. दोन मित्रांमधील हे बोलणे कथेतील सर्व तलवारींपेक्षा धारदार आहे.

मग निराशा कशाने होते? एकेक सांधा पाहू.

पहिला सांधा ग्रहाच्या रचनेचा. पृथ्वीपासून इतक्या दूर असलेल्या ग्रहावर रोम कसे आले, तेथील लोक इंग्रजी कसे बोलतात, याचे उत्तर कथेत 'ग्रहांच्या समान विकासाचा नियम' असे एक भारदस्त नाव देऊन उरकले आहे. विज्ञानाच्या तासास आम्ही नेहमी सांगतो की, नाव देणे म्हणजे कारण देणे नव्हे. खरे कारण व्यावहारिक होते. पृथ्वीसारखीच दुसरी जगे कल्पिली म्हणजे चित्रगृहातील तयार पोशाख आणि देखावे वापरता येतात व खर्च वाचतो. काटकसर हा दोष नव्हे; पण कल्पना जेथे थकली तेथे तिला नियमाचे नाव देणे हा दोष आहे.

दुसरा सांधा अधिक महत्त्वाचा. लोकांस हिंसा दाखवून खिळवून ठेवणाऱ्या दूरचित्रवाणीची ही निंदा. परंतु ती करताना हा भाग स्वतः प्रेक्षकांस काय दाखवितो? तलवारींची झुंज, बंदुकींचा गोळीबार आणि वधाची घटका. यंत्रातून टाळ्या काढणाऱ्या माणसास आपण हसतो खरे, पण पुढच्याच क्षणी स्पॉक जिंकावा म्हणून आपणही श्वास रोखून धरतो. दारूबंदीचे व्याख्यान द्यावयास आलेल्या वक्त्याने मध्यंतरात गुत्त्याची वाट दाखवावी, तशातला हा प्रकार. कथेने एकदा तरी प्रेक्षकाकडे वळून 'तुम्हीही रिंगणाभोवतीच बसला आहात' असे सुचविले असते, तर उपहास पुरा झाला असता. जुव्हेनलाने ते केले होते. या लेखकांनी चित्रगृहातील कळ फिरविणाऱ्यापाशी थांबून घेतले.

तिसरा सांधा शेवटाचा. आमच्यासारख्या शाळेस तो शेवट विशेष प्रिय वाटावा असा आहे. म्हणूनच त्याची परीक्षा जरा कडक करणे आमचे कर्तव्य आहे. यानावर परतल्यावर सर्वांस कोडे पडते की, सूर्याची उपासना करणाऱ्या लोकांनी इतका उदार बंधुभाव कोठून आणला? तेव्हा उहुरा खुलासा करते. ती त्या ग्रहावरील संदेश ऐकत बसलेली असते. ते लोक आकाशातील सूर्याविषयी बोलत नाहीत, तर देवाच्या पुत्राविषयी बोलतात! इंग्रजीत सूर्य आणि पुत्र या दोहोंचे शब्द कानास 'सन' असेच ऐकू येतात, त्यामुळे हा घोटाळा. म्हणजे त्या ग्रहावर रोमन सम्राट होता तसा ख्रिस्तही होता.

कल्पना मोठी आहे यात संशय नाही. पण ती उभी आहे कशावर? एका भाषेतील दोन शब्दांच्या योगायोगावर. मराठीत आणून पाहा: एक सूर्य, दुसरा पुत्र, कोडेच उरत नाही. खुद्द रोमनांच्या लॅटिन भाषेत एक 'सोल' आणि दुसरा 'फिलियस'; तेथेही कोडे उरत नाही. जी गोष्ट एका भाषेच्या उंबरठ्यावरच अडखळते, तिच्यावर जगाच्या इतिहासाचा भार टाकू नये. चांगल्या विचाराची भाषांतराने थोडी शोभा जाईल, पण प्राण जाणार नाही. निबंध लिहिताना तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. तुमचे वाक्य दुसऱ्या भाषेत सांगा. अर्थ उरला तर विचार होता, उरला नाही तर नुसती कोटी होती.

येथवरचे दोष आम्ही स्वतः टिपून ठेविले होते. वरच्या वर्गाच्या मुलामुलींस हा भाग दाखवून तेच फळ्यावर लिहावे असा आमचा बेत होता. चित्र संपले, दिवे लागले, आणि आम्ही खडू हाती घेतला. तोच मागच्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, ड्रुसिलेचे पुढे काय झाले?"

आम्ही क्षणभर गोंधळलो. ड्रुसिला ही त्या कथेतील एक दासी. वधापूर्वी कर्कचे मन रिझवावे म्हणून अधिपती तिला त्याच्याकडे पाठवितो. ती अन्न व मद्य घेऊन येते, आपण आज्ञेवरून आलो आहोत असे सांगते, आणि त्या प्रसंगानंतर कथेत पुन्हा दिसत नाही. ती कोणाची मुलगी, तिला काय वाटत होते, कप्तान निघून गेल्यावर तिच्या वाट्यास काय आले, याविषयी एकही शब्द नाही. आम्ही हा भाग त्यापूर्वी दोनदा पाहिला होता. मोटारीचे नाव आम्हास पाठ होते. पण हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता.

एका हुशार मुलाने लगेच उत्तर दिले, "यानाचा कायदाच आहे की दुसऱ्या ग्रहाच्या समाजात ढवळाढवळ करावयाची नाही. कर्क तिला कसा सोडविणार?" हे खरे आहे. तसा नियम मालिकेत आहे, आणि या भागात सर्वजण तो पाळण्याची मोठी दक्षता घेतात. पण त्या मुलीचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "सोडविता येत नव्हते हे मान्य. पण तिची सेवा घेताना तो कायदा आड आला नाही. आणि आठवण ठेवावयास कोणता कायदा आड येतो?"

त्या दिवशी आमचा फळा कोराच राहिला. तिचे बोलणे मनाशी घोळविताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. उहुरा हे नाव स्वाहिली भाषेतील 'उहुरु' या शब्दावरून घेतलेले आहे, आणि त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा आहे. निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ती भूमिका केली. ज्या काळात अमेरिकेच्या पडद्यावर कृष्णवर्णीय स्त्रीस बहुधा मोलकरणीचेच काम मिळे, त्या काळात यानाच्या सुकाणूगृहात ती इतरांच्या बरोबरीने अधिकारी म्हणून बसली, ही मालिकेची फार मोठी पुण्याई होय. जिचे नावच स्वातंत्र्य, ती अधिकारी शेवटी देवाच्या पुत्राची वार्ता सांगते, सर्वांचे चेहरे उजळतात, आणि यान पुढे निघते. ज्या पुत्राच्या शिकवणीत दीनदुबळ्यांस पहिले आसन आहे, त्याचे नाव निघूनही खाली राहिलेल्या दासीची आठवण कोणास होत नाही. गुलामगिरीवरील कथेस गुलाम दिसला नाही. सांधा येथे सुटला आहे. बाकीचे दोष त्यापुढे लहान.

मग याहून चांगले कसे करावे? उत्तरासाठी परग्रहावर जावयास नको; आपल्या पुण्यातच ते आहे. जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ चा. १८४१ साली ते येथील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. आणि १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. हे नाटक म्हणजे कडक उपहास आहे. एका कुणब्याच्या घरात बाई गरोदर आहे. जोशी येतो, ग्रहांच्या पीडेचे भय घालतो, आणि धर्मकृत्यांच्या निमित्ताने त्या भोळ्या नवराबायकोस नागवितो. एक विदूषक मधून मधून येऊन या लबाडीची चिरफाड करतो. एक पाद्रीही येतो आणि त्याचे व त्या नवऱ्याचे बोलणे होते.

आता दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहा. जोतीरावांच्या नाटकात विदूषक बोलतो पुष्कळ, पण नाटक त्याच्या शहाणपणावर संपत नाही. फसविली गेलेली ती दोघे शेवटपर्यंत आपल्यापुढे असतात. आपण अडाणी होतो म्हणून नागवलो, हे त्यांस स्वतःस उमगते, आणि सावित्रीबाई व जोतीराव यांनी चालविलेल्या शाळेत शिकावयास जाण्याचा ती निश्चय करतात. नाटकाच्या नावातले तिसरे रत्न म्हणजे विद्येचा डोळा. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच शेवटी तो डोळा मिळतो. प्रेक्षक हसून घरी जातो खरा, पण त्या बाईस बरोबर घेऊन जातो. तिला विसरता येत नाही.

या नाटकाचे पुढे काय झाले तेही सांगण्याजोगे आहे. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात जी दक्षिणा वाटली जाई, त्या निधीतून पुढे इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांस बक्षिसे देण्याची व्यवस्था झाली होती. कमिटीने नाटक नाकारले, आणि ते छापले जावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली. उपहास खरा असला म्हणजे बक्षीस मिळतेच असे नाही. पण तो टिकतो.

उपहासाची दुसरी एक सौम्य रीत आपल्याकडे आहे, तीही पाहून ठेवावी. पुण्यातच १८९२ साली जन्मलेले चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे विद्वान. पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो चिमणरावाचे जनक म्हणून. चिमणराव मध्यमवर्गाच्या भित्रेपणास, बढाईस आणि कंजूषपणास हसतो. मात्र ते सर्व दोष तो स्वतःच्याच अंगावर घेऊन फिरतो. १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने चिमणराव व गुंड्याभाऊ यांस पडद्यावर आणले, आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्या भूमिका घरोघर पोहोचविल्या. त्या मालिकेस ना यान होते ना परग्रह. पण पाहणारा हसता हसता मध्येच थांबे, कारण पडद्यावरचा माणूस आपल्याच वाड्यात राहतो हे त्यास कळे. 'तुम्हीही रिंगणाभोवतीच बसला आहात' हे जे स्टार ट्रेकच्या लेखकांस सांगता आले नाही, ते चिमणरावाने रागावल्यावाचून सांगितले.

आता एक कबुली देणे प्राप्त आहे. दुसऱ्यांचे दोष इतक्या विस्ताराने सांगणाऱ्याने स्वतःचा एक तरी सांगावा. मागील वर्षाच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक नाटुकले केले. शिकवणीच्या वर्गांचा धंदा आणि गुणांच्या मागे धावणारे पालक यांचा तो उपहास होता, आणि पुष्कळसा झणझणीत होता. परंतु त्यात सर्वांत मोठा हशा कोणत्या जागी झाला? शिकवणीवर्गाचा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन येई, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी त्यास धक्का देऊन पाडी. त्या पात्रास एकही वाक्य नव्हते. पडणे एवढेच त्याचे काम. सभागृह खदखदून हसले. पुढच्या रांगेत बसून आम्हीही हसलो. आमच्या शाळेचे शिपाईकाका त्या वेळी दाराशी उभे होते, आणि त्यांचा लहान मुलगा त्यांच्या बोटास धरून होता. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीच्या वेळी घंटा दिली.

ड्रुसिलेचा प्रश्न विचारला गेला तेव्हा आम्हास आठवण झाली ती या दाराची. आम्ही ती वर्गात बोलून दाखविली. मुले बराच वेळ गप्प होती. ज्या मुलाने तांब्यावाल्याचे काम केले होते तो म्हणाला, "मला पडताना मजा येत होती, सर. दाराकडे मी पाहिलेच नव्हते." आम्हीही पाहिले नव्हते, असे आम्ही त्यास सांगितले. नंतर आम्ही शिपाईकाकांस भेटून क्षमा मागितली. "मुलेच ती," एवढेच म्हणून ते हसले. मुले ती होती हे खरे. पण आम्ही मुले नव्हतो.

या वर्षी तेच नाटुकले पुन्हा बसविण्याचे मुलांनी ठरविले. उपहास बोथट केला नाही. शिकवणीचे मास्तर व गुणवेडे पालक जसेच्या तसे राहिले. फक्त शिपायास त्यांनी एक वाक्य दिले. शेवटी मास्तर सर्वांस ओळीने उभे करून प्रत्येकाचे गुण विचारतात, आणि भरात येऊन शिपायासही विचारतात, "आणि तुझे किती?" तो म्हणतो, "मला कोणी शाळेतच घातले नाही." तालमीत हे वाक्य आले तेव्हा बसलेली मुले प्रथम हसली, आणि मग हसू आपोआप थांबले. तो हशा थांबणे हेच उपहासाचे यश, असे आम्हास वाटते.

विद्यार्थिमित्रहो, यापुढे तुम्ही जे विनोदी लेख, नाटुकली किंवा भ्रमणध्वनीवर फिरणारी चित्रे पाहाल अथवा स्वतः कराल, त्यांस तीन प्रश्न विचारावे. या हशाचा निशाणा कोण आहे: बलवान की दुबळा? ज्या दोषास आपण हसत आहोत, तोच दोष आपण येथे विकत तर नाही ना? आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो शेवटी कोठे आहे? पहिल्या प्रश्नास स्टार ट्रेकचा तो भाग उत्तीर्ण होतो, दुसऱ्यास अडखळतो, तिसऱ्यास त्याच्यापाशी उत्तरच नाही.

पालकांसही एक विनंती आहे. घरी सर्वजण एकत्र बसून काही पाहत असता मुलाने मध्येच एखादा अडनिडा प्रश्न विचारला, तर 'गप्प बैस, पुढे काय होते ते पाहू दे' असे म्हणू नये. आम्ही दोनदा पाहूनही जे आम्हास दिसले नाही, ते मागच्या बाकावरील मुलीस एकदाच पाहून दिसले. पुढे काय होते हे तर सर्वांनाच कळणार असते. मागे कोण राहिले, हे विचारणारे मूल घरात असणे हे भाग्य होय.